शाळेच्या वाटेसाठी भिंत रंगवायची आहे? आधी वाट चाला, मग अर्ज लिहा, ब्रश शेवटी

गावोगावी मुलींच्या गटांनी रंगवलेल्या भिंती पाहायला मिळतात. पाठीवर दप्तर घेतलेली हसरी मुलगी, डोक्यावर उगवता सूर्य, खाली एखादं घोषवाक्य. चित्र छान असतं. पण समोरच्या खांबावरचा दिवा तसाच बंद असतो, ओढ्यावर फरशी पूल झालेला नसतो आणि साडेपाचची एसटी अजूनही सातला येते. भिंत रंगली, पण त्या भिंतीने कुणाकडे काय मागितलं, हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या गावांत मुलींसोबत काम करणाऱ्या शिक्षिका, ताई, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि स्वतः मुली यांच्यासाठी आहे. बहुतेक गटांचं चुकतं ते क्रमात. रंग आधी आणले जातात, मागणी नंतर सुचते आणि परवानगी तर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आठवते. हे सगळं मिळून आठ-दहा आठवड्यांचं काम धरा. त्यात प्रत्यक्ष रंगकाम तीन-चार दिवसांचं असतं.

## सुरुवातीआधी: घरच्यांशी बोला, गट नीट निवडा

या कामातला सगळ्यात मोठा धोका रंगाचा, पैशांचा किंवा परवानगीचा नाही. वाटेवर काय काय घडतं हे मुलींनी मोकळेपणाने सांगितलं, की घरात पहिला निर्णय बरेचदा मुलीबद्दल होतो. ‘मग उद्यापासून जाऊ नकोस.’ ‘दहावी झाली तेवढं पुरे.’ वाट तशीच राहते आणि मुलगी घरी बसते. हे होऊ द्यायचं नसेल तर नकाशा काढायच्या आधी आई-वडिलांना भेटा. शाळेत बोलावून सभा घेऊ नका. वस्तीवर, संध्याकाळी, त्यांच्या वेळेला जा. आपण वाट दुरुस्त करून मागणार आहोत, कुठल्याही मुलीचं नाव कुठेही येणार नाही आणि या काळात कुणाच्याही शाळेत खंड पडू द्यायचा नाही, एवढं स्पष्ट सांगा. पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलीला वेगळं विचारा. वडिलांनी सही केली म्हणून मुलीची तयारी आहे असं समजू नका.

गट दहा ते पंधरा मुलींचा ठेवा. सातवी ते दहावीच्या मुली या कामाला बऱ्या पडतात. निवडताना नेहमी होणारी चूक म्हणजे चित्रकला चांगली असलेल्या आणि पुढे पुढे बोलणाऱ्या मुली घेणं. त्या बहुधा गावठाणातच राहतात, त्यांची वाट पाच मिनिटांची असते. सगळ्यात लांबच्या वाडी-वस्तीवरून, पाड्यावरून येणारी मुलगी गटात हवीच. चालायला किंवा दिसायला अडचण असलेली मुलगी असेल तर तीही हवी. आणि शाळा सोडलेली निदान एक मुलगी शोधून आणा. शाळा का सुटली हे तिच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही.

सोबत कायम दोन प्रौढ स्त्रिया असाव्यात. एकीवर भार टाकला की ती आजारी पडल्या दिवशी काम थांबतं.

वेळ उलटी मोजा. २६ जानेवारीची ग्रामसभा धरायची असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला कामाला लागा. या दिवसांत लवकर अंधारतं, त्यामुळे वाटेची खरी अडचण दिसते. भिंती कोरड्या असतात. शिवाय याच काळात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तयार होत असतो. त्यात काम आलं तर पैशांची सोय होते. नाही आलं तर ‘निधी नाही’ हे उत्तर वर्षभर ऐकावं लागतं.

## टप्पा १: वाट चालणे

गटाचे दोन-तीन भाग करा आणि प्रत्येक वाट घरापासून शाळेपर्यंत चाला. ज्या वेळेला मुली खरोखर जातात-येतात त्याच वेळेला चाला. रविवारी सकाळी दहा वाजता चाललात तर त्या चालण्याचा काही उपयोग नाही. जादा तासानंतरची परतीची वाट वेगळी चालून बघा.

प्रत्येक जागी थांबून चार गोष्टी लिहा: काय आहे, कधी त्रास होतो, त्यामुळे मुली काय करतात, आणि इथे काय असतं तर त्रास झाला नसता. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण अर्जात जोर त्याच्याच उत्तराने येतो. ‘वळणावर अंधार असतो’ ही तक्रार झाली. ‘वळणावर अंधार असतो म्हणून तीन मुलींनी संध्याकाळचा जादा तास सोडला’ हे कारण झालं.

नंतर दोन आठवडे रोजची नोंद ठेवा. बस किती वाजता आली, दिवा लागला की नाही, मोकाट कुत्री किंवा गुरं कुठे आडवी आली. तारीख, वेळ, जागा, बस्स. माणसांची नावं या वहीत लिहायची नाहीत.

तपासा: वहीत निदान दहा शाळेच्या दिवसांच्या नोंदी आहेत का? सगळ्यात लांबच्या वस्तीची वाट त्यात आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: जमिनीवर नकाशा

नकाशा आधी जमिनीवर काढा, कागदावर नाही. शाळेचं अंगण किंवा समाजमंदिराची फरशी घ्या. रांगोळीने रस्ते काढा, दगड म्हणजे घरं, पानं म्हणजे झाडं. जमिनीवरचं पुसता येतं, सगळ्या मुली भोवती बसू शकतात, आणि कागद-पेन एकीच्याच हातात राहत नाही. कागद दिला की हुशार समजली जाणारी मुलगी काढते आणि बाकीच्या माना डोलावतात.

मग जागांवर खुणा. लाल म्हणजे इथून एकटी जात नाही, पिवळा म्हणजे काही वेळेला भीती वाटते, हिरवा म्हणजे निर्धास्त. हिरव्या जागा काळजीपूर्वक विचारा. ‘इथे का बरं वाटतं?’ किराणा दुकान उशिरापर्यंत उघडं असतं म्हणून, आजी ओट्यावर बसलेल्या असतात म्हणून, दिवा लागतो म्हणून. लाल जागेला काय हवं ते बरेचदा हिरव्या जागेकडे बघून कळतं.

नकाशा झाला की फोटो काढा, मग मोठ्या कागदावर उतरवा. जमिनीवरचा नकाशा मुलींनीच पुसायचा. तो तसाच सोडून घरी गेलात तर दुसऱ्या दिवशी ‘कोणत्या घरासमोर लाल केलंय’ यावरून गावात भांडण सुरू होतं आणि पुढचं सगळं काम त्यातच अडकतं.

## टप्पा ३: एखादीने काही सांगितलं तर

नकाशा काढताना एखादी मुलगी स्वतःवर गुदरलेलं सांगेल. हे होणार हे गृहीत धरूनच बसा आणि तयारी आधी करा, कारण त्या क्षणी कायदा शोधत बसता येत नाही.

सगळ्यांसमोर तिला पुढचे प्रश्न विचारू नका. सोबतच्या दोन प्रौढ स्त्रियांपैकी एकीने तिला बाजूला न्यावं, ऐकावं, तिच्याच शब्दांत थोडक्यात लिहून ठेवावं. ‘तू त्या वाटेने का गेलीस?’ हा प्रश्न विचारायचा नाही. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचनही द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता दिसली, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलीला खरं तेच सांगा: ‘तुझं नाव गावात कुठेही जाणार नाही, पण तुला मदत मिळावी म्हणून मला काही माणसांना सांगावं लागेल. जे करू ते तुला सांगून करू.’

अजून एक. ‘पोरं मागे येतात’ ही गोष्ट गावात थट्टेवारी नेली जाते. लैंगिक हेतूने अल्पवयीन मुलीचा वारंवार पाठलाग करणं, तिच्यावर पाळत ठेवणं हा याच कायद्याच्या कलम ११ खाली लैंगिक छळ आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे गटातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असायला हवं.

बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि तातडीचा क्रमांक ११२ हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे हेही विचारून ठेवा. अनेक शाळांत समिती कागदावर असते आणि मुलींना तिचा पत्ता नसतो.

सावधान: कुठलीही प्रत्यक्ष घटना, ओळखू येईल अशा कुठल्याही रूपात, भिंतीवर येता कामा नये. जागा, कपड्यांचा रंग, दुकानाची पाटी एवढ्यावरूनही गाव ओळखतं. पीडित मुलीची ओळख उघड करायला पोक्सो आणि बाल न्याय कायदा या दोन्हींत मनाई आहे.

## टप्पा ४: मागणी ठरवणे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नकाशावर वीस लाल खुणा असल्या तरी मागण्या तीनच काढायच्या. वीस मागण्यांचा अर्ज कुणी वाचत नाही. तिन्हींपैकी एक अशी निवडा की जी गावातच, महिन्याभरात होऊ शकेल: दिवा बदलणं, काटेरी झुडपं तोडणं, पडक्या घराचा रस्त्यावर आलेला दगड-विटांचा ढीग हलवणं. एक काम झालेलं दिसलं की मुलींचा आणि पालकांचाही विश्वास बसतो.

प्रत्येक मागणी कुणाच्या दारात न्यायची हे आधी पक्कं करा. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तर दोन महिने फुकट जातात.

रस्त्यावरचा दिवा बसवणं-बदलणं ग्रामपंचायतीकडे असतं, पण तारेतच वीज नसेल किंवा खांब वाकला असेल तर महावितरणकडे जावं लागतं. गावातला अंतर्गत रस्ता आणि गटार ग्रामपंचायतीचं. गावाबाहेरचा रस्ता कुणाचा आहे हे ग्रामपंचायत कार्यालयात विचारून घ्या: जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा. राज्यमार्गावर गतिरोधक हवा असेल तर सरपंच कितीही चांगल्या असल्या तरी त्यांना तो परस्पर घालता येत नाही. त्यांचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव मात्र जोडायला लागतो. बसची वेळ आगार व्यवस्थापकांच्या हातात. छेडछाड, शाळेच्या वाटेवर बसणारी टोळकी यासाठी पोलीस ठाणं, आणि गावात पोलीस पाटील. शाळेचं फाटक, कुंपण, मुलींची स्वच्छतागृहं यासाठी शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. तेव्हा गटातल्या कुणाची आई समितीवर आहे का ते बघा.

हक्काच्या, आधीपासून असलेल्या सोयी विसरू नका. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. मागास तालुक्यांसाठीच्या राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात असलेल्या १२५ तालुक्यांत मुलींच्या शाळेच्या वाहतुकीसाठी खास बस दिलेल्या आहेत. तुमचा तालुका त्यात असेल तर ‘बस द्या’ असं मागू नका. ‘आमच्या तालुक्याला दिलेल्या बसपैकी एकीची फेरी आमच्या फाट्यावरून, शाळा सुटायच्या वेळेला करा’ असं मागा. आणि शिक्षण हक्काच्या राज्यातल्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. वस्ती त्याहून लांब असेल तर ते अंतर अर्जात आकड्याने लिहा. नववीपासून पुढे हा नियम लागू होत नाही. त्या वयाच्या मुलींसाठी बसचाच आग्रह धरावा लागतो.

मागणीचं वाक्य कसं असावं याचा नमुना:

‘माळवाडी ते हायस्कूल या वाटेवर ओढ्याजवळच्या दोन खांबांवर दिवे नाहीत. १० ते २१ नोव्हेंबर या काळात शाळेच्या दहाही दिवशी संध्याकाळी तिथे अंधार होता. सात मुली या वाटेने येतात. तिथे दोन दिवे बसवावेत, ही विनंती.’

जागा, नोंद, किती जणी, नेमकं काय. यात ‘सुरक्षित वातावरण निर्माण करावे’ असलं एकही वाक्य नको. त्यावर कुठलाच अधिकारी काही करू शकत नाही.

तपासा: मागणी पूर्ण झाली हे गावातलं शेंबडं पोरही बघून सांगू शकेल का? नसेल तर मागणी पुन्हा लिहा.

## टप्पा ५: भिंत आणि परवानगी

शाळेच्या आतली भिंत सहज मिळते म्हणून घेतली जाते. पण ती रोज बघणाऱ्या मुलींना वाट कशी आहे हे आधीच ठाऊक आहे. निर्णय घेणारी माणसं जिथे थांबतात ती भिंत शोधा: ग्रामपंचायत, दूध संकलन केंद्र, सोसायटी, एसटीचा थांबा. ज्या जागी त्रास होतो तीच जागा मुद्दाम निवडू नका. मुलींना तिथे तासन् तास उभं करायचं नाही.

मालकाची परवानगी लेखी हवी. तोंडी ‘करा की पोरींनो’ हे भाऊबंदकी उभी राहिली की टिकत नाही. सार्वजनिक भिंत असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र घ्या. मालमत्ता विद्रूपण रोखण्याचा १९९५ चा राज्य कायदा आहे, आणि कुणाला चित्र खुपलं तर तो त्याचाच आधार घेतो. निवडणुकीची आचारसंहिता जवळ आली आहे का हेही ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, विचारून घ्या.

## टप्पा ६: चित्र ठरवणे

चित्रकाराला बोलावून ‘काहीतरी छान काढा’ सांगितलं की ते मुलींचं काम राहत नाही. रंगकाम शिकवायला पेंटरकाका जरूर यावेत. काय काढायचं हे मात्र मुलींनी ठरवायचं.

चित्रात वाट दाखवा. ओढा, वळण, थांबा, वडाचं झाड, जे गावाला बघताक्षणी कळेल ते. त्या वाटेवर मागितलेली गोष्ट झालेली दाखवा: दिवा लागलेला, बस थांबलेली, मुली गप्पा मारत चाललेल्या. घाबरलेली मुलगी, काळे हात, अश्रू हे काढू नका. अशी भिंत रोज ओलांडून जायचं त्याच मुलींना असतं. आणि ‘मुलींनो, सावध राहा’, ‘एकटीने जाऊ नका’ असलं काहीही लिहायचं नाही. त्याने जबाबदारी परत मुलींच्याच डोक्यावर येते आणि घरी बसवायला कारण मिळतं.

ओळखू येतील असे चेहरे नकोत. पाठमोऱ्या आकृत्या किंवा साधे आकार पुरतात. वारली पद्धतीने काढायचं असेल तर वाट, माणसं, झाडं यांसाठी ती फार चांगली आहे. पण लग्नात भिंतीवर काढला जाणारा देवचौक शोभेसाठी उचलू नका. त्याला वारल्यांच्या घरात धार्मिक जागा आहे.

आता महत्त्वाचा भाग. भिंतीचा उजवीकडचा एक तृतीयांश भाग मागणीच्या फळ्यासाठी ठेवा. त्यावर चार रकाने: काय हवं, कुणाकडे मागितलं, अर्जाची तारीख, आज काय स्थिती. पहिले तीन रंगाने लिहायचे. चौथा रकाना काळ्या फळ्याच्या रंगाचा ठेवायचा आणि त्यावर खडूने लिहायचं, म्हणजे दर आठवड्याला बदलता येतं. अधिकाऱ्यांची नावं नको, फक्त पद. माणसं बदलतात, आणि नाव आलं की गोष्ट मानापमानावर जाते.

## टप्पा ७: भिंतीची तयारी आणि रंग

रंग उडाला म्हणजे बहुतेक वेळा रंग वाईट नसतो, भिंत तयार केलेली नसते.

आधी ओल बघा. भिंतीच्या तळाला पांढरा बुरशीसारखा खार आला असेल, हाताला गार लागत असेल, तर ती भिंत सोडा. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर किमान एक महिना जाऊ द्या. जुना चुना असेल तर पत्र्याने खरवडा, तारेचा ब्रश मारा, धुवा आणि एक-दोन दिवस कडक वाळू द्या. चुन्यावर थेट रंग मारला तर तो पोपड्यांनी निघतो. भेगा बाहेरच्या कामाच्या लांबीने (पुट्टीने) भरा, पॉलिश पेपर मारा, मग प्रायमरचा एक हात.

रंग पाण्यातला, बाहेरच्या भिंतीचा इमल्शन घ्या. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन मुलींच्या हातात देऊ नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावं असा नियम २०१७ पासून लागू आहे. डब्यावर ‘शिसेविरहित’ लिहिलेलं बघून घ्या आणि सुटा, बिनलेबलचा रंग टाळा. १२ फूट बाय ६ फूट भिंतीला बेसचे दोन हात द्यायला दोन लिटर इमल्शन पुरतं. बाकी रंग पांढऱ्यात स्टेनर (छटा देणारा घट्ट रंग) मिसळून करा. एक छटा एकदाच आणि पुरेशी मिसळा. दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा जमत नाही.

चित्र भिंतीवर मोठं करायला चौकोनांची पद्धत वापरा. कागदावर ३ सेंटिमीटरचे चौकोन, भिंतीवर १ फुटाचे. म्हणजे १२ बाय ६ फुटांच्या भिंतीसाठी कागदावरचं चित्र ३६ बाय १८ सेंटिमीटरचं. सूत ताणून रेघा मारा, उभ्या रेघेला ओळंबा लावा. प्रत्येक मुलीने आपला चौकोन उतरवायचा. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्या मुलीही यात बरोबरीने येतात, आणि मला हा दिवस सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा वाटतो.

रंग वरून खाली आणि फिक्याकडून गडदकडे. अक्षरं सगळ्यात शेवटी. आधी सुताने शिरोरेषा आखा, वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा सोडा. ती न सोडल्यामुळे ‘ु’ खालच्या ओळीत घुसतो आणि लांबून काही वाचता येत नाही. मुख्य मागणीचं अक्षर चार इंचांहून लहान नको. पेन्सिलने लिहून झालं की या कामात नसलेल्या कुणाला तरी रस्त्याच्या पलीकडून मोठ्याने वाचायला लावा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक राहिली तर गाव चूकच बघेल.

दुपारच्या उन्हात काम नको. मुलींनी हात पोचेल तेवढंच रंगवायचं, शिडीवर आणि स्टुलावर प्रौढांनी चढायचं. भिंतीलगत विजेची तार असेल तर तिथे कुणीच नाही.

सावधान: रंगकामाचे फोटो टाकण्याआधी मुलींची आणि पालकांची वेगळी संमती घ्या. फोटोसोबत मुलीचं नाव, शाळा आणि रोजच्या वाटेची वेळ एकत्र देऊ नका. हवी ती माहिती चुकीच्या माणसाला आपणच पुरवल्यासारखं होतं.

## टप्पा ८: अर्ज आणि ग्रामसभा

भिंत पूर्ण व्हायच्या आधी अर्ज आत गेलेला असावा. विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यायचा असेल तर नोटीस निघण्याआधी अर्ज द्यावा लागतो; पंधरा-वीस दिवस आधी दिलेला बरा. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही, असं समजा. हीच तारीख भिंतीवरच्या फळ्यावर जाते.

मुली मतदार नसल्यामुळे ठरावावर त्यांचं मत धरलं जात नाही. म्हणून ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत विषय मांडा आणि तिथे शिफारस करून घ्या. बालसभा होत असेल तर तिथेही. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल तेवढी लागते. तेव्हा आया, आज्या, मावश्या यांना घेऊन जा. गर्दी दाखवायला नाही, गणपूर्तीअभावी सभा तहकूब होऊ नये म्हणून.

दोन मुलींनी तीन-तीन मिनिटं बोलायचं. एकीने नकाशा दाखवायचा, दुसरीने तीन मागण्या वाचायच्या. स्वतःचा अनुभव कुणीही सांगायचा नाही, कुणी आग्रह केला तरी. ‘नावं सांगा, बघतोच एकेकाला’ असं कुणीतरी म्हणणार. त्यावर सोबतच्या ताईंनी उत्तर द्यायचं, ‘आम्ही दिवा मागायला आलोय.’ हे घरी दोन-तीनदा करून बघा.

चर्चा चांगली झाली, टाळ्या पडल्या, एवढ्यावर उठू नका. ठराव लिहिला गेला का? सूचक कोण, अनुमोदक कोण? ठरावात काम आणि जागा नेमकी आली का? तो सभेतच वाचून दाखवायला सांगा आणि नंतर ठरावाची नक्कल मागा. बांधकाम विभागाला, आगाराला, महावितरणला जाणाऱ्या प्रत्येक अर्जाला ही नक्कल जोडायची असते.

भिंतीचं उद्घाटन करायचंच असेल तर सभेच्या आधी करा, म्हणजे माणसं थेट भिंतीवरून सभेत येतात.

## टप्पा ९: पाठपुरावा

बहुतेक भिंती इथे मरतात. दर शनिवारी दोन मुलींनी फळ्याचा चौथा रकाना बदलायचा: ‘अर्ज दिला’, ‘पाहणी झाली’, ‘उत्तर नाही’, ‘दिवा लागला’. नुसतं ‘उत्तर नाही’ हे चार आठवडे तिथे दिसलं तरी माणसं विचारू लागतात. काम झालं की तेही तितक्याच ठळकपणे लिहा आणि ज्या कार्यालयाने केलं त्याला आभाराचं पत्र द्या. पुढच्या अर्जाला त्याचा उपयोग होतो.

महिनाभर काहीच हललं नाही तर स्मरणपत्र, जुन्या आवक क्रमांकासह. तरीही काही नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली गटातल्या प्रौढ व्यक्तीच्या नावाने अर्ज करा. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांत उत्तर. राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘दिवे का लावले नाहीत’ असं विचारू नका. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची प्रत द्यावी’ असं मागा.

भिंतीवर कुणी चिखल मारला, घाणेरडं काही लिहिलं, तर मुली शाळेला निघायच्या आत मोठ्यांनी ते झाकायचं. आधी फोटो काढून ठेवा. धमकी किंवा एखाद्या मुलीचा उल्लेख असेल तर पोलीस ठाण्यात द्या. नुसतं खोडलेलं असेल तर त्याच आठवड्यात मुलींनी पुन्हा रंगवायचं. यासाठी प्रत्येक रंगाचा थोडा साठा घट्ट झाकणाच्या बरणीत, वर छटेचं नाव लिहून, आधीच बाजूला काढून ठेवा.

दहावीच्या मुली मार्चमध्ये गटातून जातात. त्याआधी वही, पोचपावत्या आणि ठरावाच्या नकला सातवी-आठवीच्या मुलींच्या हातात द्या आणि एक फेरी त्यांच्यासोबत आगारात किंवा ग्रामपंचायतीत मारा, म्हणजे कुठल्या टेबलावर विचारायचं हे त्यांना कळेल. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या मोठ्या पावसानंतर सगळ्या वाटा पुन्हा चाला. ओढ्याला पाणी आलं की मुली वेगळ्याच वाटेने येतात, आणि हिवाळ्यात काढलेल्या नकाशावर ती वाट नसते. तिच्या नोंदी त्याच वहीच्या पुढच्या पानावर सुरू करा.